हृदय भरते कसे?

इकोची तपासणी करून आलेला रुग्ण कागद पुढे सरकवतो, एका ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, हे ग्रेड वन म्हणजे काय? अटॅकची पहिली पायरी का?" ती ओळ असते 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन'. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. काही जण तर ही ओळ वाचून शेत विकण्यापर्यंतचा विचार करून आलेले असतात.

गंमत अशी की, ही ओळ वाचून ज्यांची झोप उडते त्यांच्यापैकी पुष्कळांना काळजी करण्यासारखे फारसे काही झालेले नसते. उलट ज्यांना खरोखरच त्रास आहे अशा कित्येकांना, विशेषतः आपल्या भागातील पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायकांना, "पंपिंग साठ टक्के आहे, हार्ट एकदम चांगले आहे, गॅसेस झाले असतील" असे सांगून घरी पाठविलेले असते. या दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप एवढेच आपल्या डोक्यात बसलेले आहे. ढकलण्याआधी त्याला भरावे लागते, हे आपण विसरतो.

ज्यांनी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. बैल कितीही दणकट असोत, मोट पाण्यात पुरती बुडून भरली नाही तर थारोळ्यात पाणी अर्धेच पडणार. कातडे मऊ असले की मोट पाण्यात पसरते आणि भरते. कातडे वाळून कडक झाले की ती पुरती पसरत नाही. दोष बैलांचा नसतो, कातड्याचा असतो.

आपल्या हृदयाला चार कप्पे. वरचे दोन ते कर्णिका, खालचे दोन त्या जवनिका. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या कर्णिकेत येते, तेथून झडपेतून डाव्या जवनिकेत उतरते आणि जवनिका ते सर्व शरीराला पाठवते. निरोगी माणसात भरलेल्या डाव्या जवनिकेत साधारण १२० मिलिलिटर रक्त असते, आणि एका ठोक्याला त्यातले सुमारे ७० मिलिलिटर बाहेर पडते. ७० भागिले १२० म्हणजे जवळजवळ ५८ टक्के. रिपोर्टात 'ईएफ' म्हणून लिहिलेला आकडा तो हाच. आता समजा, जवनिकेच्या भिंती जाड आणि ताठर झाल्या, आणि तिच्यात ९० मिलिलिटरच रक्त मावू लागले. त्यातले ५५ बाहेर पडले तर टक्केवारी ६१ येते. म्हणजे कागदावर पहिल्यापेक्षा चांगले, आणि शरीराला मात्र दर ठोक्याला १५ मिलिलिटर कमी! टक्केवारीवर भुलू नये ते यासाठी.

प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत हृदय असे उपाशी राहत नाही. ते भरून घेते, पण त्यासाठी मागून जास्त दाब लागतो. हा वाढीव दाब मागे कर्णिकेत आणि तिच्यामागे फुप्फुसांत पोहोचतो. फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत दाब वाढला की धाप लागते, आडवे झाल्यावर खोकला येतो, रात्री उठून बसावे लागते. इंग्रजीत ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात त्या विकाराच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे ईएफ चांगले असते. हृदय दाबण्यात कमी पडत नाही, सैल होण्यात कमी पडते.

सैल होणे ही गोष्ट आपल्याला आपोआप होणारी वाटते. आवळलेली मूठ सोडली की सुटली. हृदयाच्या स्नायूत तसे होत नाही. आकुंचनाच्या वेळी पेशीत कॅल्शियम उसळते. ते पुन्हा उपसून त्याच्या कोठीत भरल्याशिवाय स्नायू सैल पडत नाही, आणि या उपशाला शक्ती खर्ची पडते. म्हणून हृदयाचा रक्तपुरवठा तुटका झाला तर पुष्कळदा आधी सैल होणे बिघडते, दाबण्याची ताकद नंतर जाते. निरोगी जवनिका तर नुसती सैल पडत नाही, लोहाराच्या भात्यासारखी उघडताना रक्त स्वतःकडे ओढून घेते. तरुण माणूस डोंगर चढतो तो या ओढीच्या जोरावर.

शिवाय वेळेचा हिशेब आहे. नाडी मिनिटाला ७५ असेल तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात, त्यातले सुमारे अर्धा सेकंद भरण्यासाठी. नाडी १२० वर गेली की एका ठोक्याचा सारा काळच अर्धा सेकंद होतो आणि भरण्यासाठी त्याच्या निम्माच उरतो. ताठर जवनिकेला एवढ्या घाईत भरता येत नाही. त्यामुळे बसल्या जागी माणूस ठणठणीत असतो आणि डोक्यावर हंडा घेऊन चढ चढू लागला की दम तुटतो. "बसल्यावर काही नसते, कामालाच दम लागतो" हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. त्याचा अर्थ कामचुकारपणा असा घरच्यांनी लावू नये.

आवाजाने हृदय पाहणे

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. इकोच्या यंत्रातील आवाज सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा असतो. तो छातीतून आत जातो, हृदयाच्या भिंतींवर आपटून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीतून चित्र उमटते. यात क्ष-किरण नसतात, सुई नसते, भूल नसते. स्वीडनमधील लुंड गावी डॉ. इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेल्मुथ हर्ट्‌झ या दोघांनी १९५३ च्या ऑक्टोबरात ही नोंद प्रथम घेतली. त्यासाठी त्यांनी वापरलेले यंत्र मुळात धातूच्या पत्र्यातील भेगा शोधण्याचे होते आणि ते सीमेन्स कंपनीकडून मिळवलेले होते. लोखंडाची चीर शोधणारे यंत्र माणसाच्या काळजावर लावण्याची कल्पना सुचणे, याला मी प्रतिभाच म्हणतो.

पण चित्रात फक्त भिंती आणि झडपा दिसतात. रक्त किती वेगाने आत शिरते हे पाहायला दुसरी युक्ती लागते. परळी वैजनाथच्या फलाटावर उभे राहून न थांबता जाणाऱ्या इंजिनाची शिट्टी ऐका. गाडी जवळ येताना शिट्टी बारीक, उंच वाटते, आणि पुढे निघून गेली की तीच शिट्टी जाडसर होते. याचे गणित ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले. ते मांडले ताऱ्यांच्या प्रकाशासाठी, पण आज ते रक्तातील तांबड्या पेशींना लागू करतो. यंत्राकडे धावत येणाऱ्या पेशीवरून परतलेला आवाज किंचित उंच होतो, आणि किती उंच झाला त्यावरून वेग कळतो. या डॉप्लर तपासणीला हृदयरोगात मानाचे स्थान मिळवून देण्यात नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या डॉ. लिव हॅटल यांचा मोठा वाटा आहे. जवनिका भरण्याचे वेगवेगळे नमुने आणि आतला दाब यांची सांगड घालणारा जो महत्त्वाचा लेख १९८८ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या तीन लेखकांपैकी त्या एक.

आता रिपोर्टातील अक्षरांकडे वळू. डावी जवनिका दोन हप्त्यांत भरते. झडप उघडताच रक्ताचा पहिला लोंढा येतो, तो 'ई' तरंग. मग थोडी शांतता. शेवटी कर्णिका आकसून राहिलेले रक्त ढकलते, तो 'ए' तरंग. तरुण माणसात तीन-चतुर्थांशाहून अधिक भरणे पहिल्याच हप्त्यात होऊन जाते, म्हणून ई उंच आणि ए ठेंगणा असतो. वय वाढते तसे स्नायू सावकाश सैल होऊ लागतो, पहिला लोंढा मंदावतो आणि उरलेले काम कर्णिकेवर येऊन पडते. ई ठेंगणा, ए उंच. हीच ती 'ग्रेड वन'. पासष्टीच्या माणसात हा नमुना आढळणे हे केस पांढरे होण्यासारखेच समजावे. त्याला धाप नसेल, पायावर सूज नसेल, रक्तदाब ताब्यात असेल तर केवळ या ओळीसाठी अँजिओग्राफी करून घेण्याची धावपळ करू नये. चाळिशीत ही ओळ आली तर मात्र तिचे कारण शोधावे, आणि ते बहुधा रक्तदाब, मधुमेह किंवा वजन यांतच सापडते.

खरी मेख पुढे आहे. ताठरपणा वाढला की कर्णिकेतला दाब चढतो, आणि हा दाब पहिल्या लोंढ्याला मागून रेटा देतो. परिणामी ई पुन्हा उंच होतो आणि सगळे चित्र निरोगी माणसासारखे दिसू लागते! ही झाली दुसरी पायरी. पहिल्या पायरीत कागदावर बिघाड दिसतो आणि माणूस बरा असतो. दुसरीत कागद बरा दिसतो आणि माणूस धापा टाकत असतो. तिसऱ्या पायरीत ई हा ए च्या दुपटीहून मोठा होतो, म्हणजे रक्त दाबाने आत आदळते आणि लगेच थबकते.

मग दुसरी पायरी ओळखायची कशी? यासाठी रक्ताचा वेग सोडून स्नायूचाच वेग मोजतात. झडपेच्या कडेचा स्नायू सैल पडताना किती वेगाने सरकतो ते पाहतात. याला 'ई प्राइम' म्हणतात. रक्ताला मागचा दाब फसवू शकतो, स्नायूला सहसा फसवता येत नाही. तरुणात हा वेग सेकंदाला १० ते १५ सेंटिमीटर असतो, ताठर हृदयात ५-६ वर येतो. ई ला ई प्राइमने भागले की दाबाचा अंदाज निघतो. रक्ताचा वेग ७० आणि स्नायूचा १० असेल तर भागाकार ७, म्हणजे उत्तम. रक्ताचा ९० आणि स्नायूचा ६ असेल तर भागाकार १५, आणि तेथे प्रकरण गंभीर. ८ च्या आत निश्चिंत, १४ च्या वर दाब वाढलेला, मधल्या पट्ट्यात मात्र इतर पुरावे पाहावे लागतात.

त्या इतर पुराव्यांत मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो डाव्या कर्णिकेच्या आकाराचा. दाब हा आज एक, उद्या एक. पण महिनोन्‌महिने दाब सोसत राहिलेली कर्णिका ताणून मोठी होते आणि ते लपत नाही. शरीराच्या आकारमानाच्या दर चौरस मीटरला ३४ मिलिलिटरपेक्षा ती मोठी असेल तर दखल घ्यावी. मधुमेहात आजची साखर आणि तीन महिन्यांची साखर यांत जो फरक, तसाच हा. दुसरा पुरावा उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताच्या वेगाचा. तो सेकंदाला २.८ मीटरच्या वर गेला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतही दाब पोहोचला असे धरतात.

एवढे सांगितले तरी ही तपासणी सर्वज्ञ नाही. नाडी अनियमित झाली असेल, म्हणजे कर्णिका आकसण्याऐवजी नुसती थरथरत असेल, तर ए तरंग नाहीसाच होतो आणि हिशेब वेगळा करावा लागतो. लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झाली असेल तर ही आकडेवारी जशीच्या तशी लागू पडत नाही. काही रुग्णांत आडवे निजवून घेतलेली इको निर्दोष येते, आणि सायकल चालवायला लावून पुन्हा पाहिले की दाब चढलेला दिसतो. त्यामुळे धाप खरी असेल तर एका कागदावर समाधान मानू नये.

आपल्या जिल्ह्याचे दुखणे

आता हे सारे बीडच्या वाचकांना का सांगतो आहे ते पाहा. आपल्याकडे एक समज घट्ट आहे, की कष्टाच्या माणसाला बीपी होत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यात दोघेही काटक दिसतात, तेव्हा कोण त्यांचे बीपी मोजतो? पहाटे चारला उठून फडात जायचे, थंडीत पाचटावर कोपी टाकून राहायचे, भाकरीबरोबर मीठ-मिरचीचा ठेचा नाहीतर लोणचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे. ठेचा, लोणचे, पापड आणि भाकरीच्या पिठातले मीठ धरले तर आपण किती पुढे जातो याचा हिशेब प्रत्येकाने घरी करून पाहावा. न कळलेला रक्तदाब दहा-पंधरा वर्षे जवनिकेच्या भिंतीवर काम करीत राहतो. भिंत जाड होते, मग ताठर होते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. या प्रश्नाच्या सामाजिक आणि वैद्यकीय बाजूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हृदयाची बाजू मात्र चर्चेत आली नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले असतील तर त्या बाईचे शरीर तिशी-पस्तिशीतच पन्नाशीत जाऊन बसते. पाळी लवकर बंद झालेल्या स्त्रियांत हृदयविकार आणि हार्ट फेल्युअर यांचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. आणि ईएफ चांगले असूनही धाप लागण्याचा हा प्रकार मुळातच पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त.

केज भागातील पंचेचाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पिशवी काढून पंधरा-सोळा वर्षे झालेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना मध्येच थांबावे लागू लागले, तेव्हा मुकादमाने आणि नवऱ्याने दोघांनीही "आता तिच्यानं होत नाही" असे ठरवून टाकले होते. दोन ठिकाणी ईसीजी झाला होता, एका ठिकाणी इको. ईएफ ६२ टक्के, म्हणून शक्तीच्या गोळ्या. आमच्याकडे रक्तदाब निघाला १७० वर १००. पुन्हा इको केली तेव्हा स्नायूचा वेग जेमतेम ५ आणि रक्ताचा ८५, म्हणजे भागाकार १७. कर्णिका मोठी. त्यांना शक्ती कमी नव्हती, दाब जास्त होता. रक्तदाबाच्या गोळ्या, थोडे दिवस लघवीची गोळी, आणि मिठावर ताबा, यावर दोन महिन्यांत त्या रात्री आडव्या निजू लागल्या.

औषधांविषयी थोडे. या प्रकारच्या हार्ट फेल्युअरवर निश्चित गुण देणारे औषध अनेक वर्षे हाती नव्हते. मधुमेहासाठी निघालेल्या दोन औषधांनी हे चित्र बदलले. एम्पाग्लिफ्लोझिनचा मोठा अभ्यास २०२१ साली आणि डापाग्लिफ्लोझिनचा २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींत रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले, आणि तेही मधुमेह असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही रुग्णांत. पेटंट संपल्यामुळे दोन्ही औषधे आता भारतीय कंपन्यांची, पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. मात्र ती स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नयेत. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या-जुलाब किंवा कडक उपवास चालू असताना ती थांबवावी लागतात. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना हे आधी सांगावे. सूज उतरली म्हणून लघवीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहणे हेही चुकीचेच. ताठर जवनिकेला भरण्यापुरते रक्त लागते. फार उपसा झाला तर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

तपासणीला जाताना उपाशी राहण्याची गरज नाही. रोजच्या गोळ्या घेऊनच जावे. डाव्या कुशीवर निजवून छातीला गार मलम लावतात आणि साधारण वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. ब्लाउज काढावा लागतो म्हणून पुष्कळ बायका संकोचतात. सोबत बाई असावी असे त्यांनी मोकळेपणाने सांगावे, ते मान्य होते. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी इकोच्या खोलीबाहेरही असते, त्याचे आश्चर्य वाटू देऊ नये. हे यंत्रही ध्वनिलहरींचेच असल्याने कायद्याने त्याचीही नोंदणी लागते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली अशी नोंद ज्या जिल्ह्याच्या नावावर झाली, तेथे ही सक्ती कुणाला जाचक वाटली तर मला त्यांच्याविषयी फार सहानुभूती नाही.

जुना रिपोर्ट जपून ठेवावा आणि नव्या तपासणीला बरोबर न्यावा. आष्टी-पाटोद्याचे लोक नगरला, परळी-आंबेजोगाईचे लातूरला, गेवराईचे संभाजीनगरला दाखवतात, आणि प्रत्येक ठिकाणी नवा कागद तयार होतो. तीन वर्षांपूर्वी कर्णिका केवढी होती हे कळले तर आजच्या आकड्याला अर्थ येतो. रिपोर्टात ई प्राइम, त्याचा भागाकार आणि कर्णिकेचे आकारमान लिहिलेले नसेल आणि धाप मात्र असेल, तर तेवढे मोजून द्या असे विनंतीपूर्वक सांगावे. यंत्र तेच, रुग्ण तोच. पाच मिनिटांचे काम आहे.

दसरा-दिवाळीनंतर जे तोडीवर निघतात त्यांनी जाण्याआधी नवरा-बायको दोघांचेही बीपी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्यावे. गोळ्या चालू असतील तर महिन्याच्या नव्हे, शक्य तितक्या जास्त दिवसांच्या मागून घ्याव्यात आणि चिठ्ठीवर औषधाचे नाव व मात्रा स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर गोळ्या संपल्या तर तेथल्या दवाखान्यात तीच औषधे मिळतील. गोळी बंद करून पाडव्याला परतणाऱ्यांचा रक्तदाब मी दरवर्षी मोजतो, आणि तो क्वचितच गेला तेवढा परत येतो.